मलमाचा काय दोष

अहो, तुमच्या शोकसभेत तिघा जणांनी मलमावर भाषण केलं.

माणूस गेला की लोक त्याच्या मोठ्या मनाबद्दल बोलतात, हसऱ्या चेहऱ्याबद्दल बोलतात. तुमच्याबद्दल बोलायला सगळ्यात आधी तुमच्या पहिल्या बॅचचा पोरगा उभा राहिला. पोरगा म्हणजे आता त्यालाही टक्कल पडलंय. माईक दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "विलास सरांनी आमाले एकच गोष्ट शिकवली. जीव गेला तरी चालते, पण पायाले परदेशी मलम लावायचं नाही." हॉलमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून कोणाचा तरी हुंदका आला. दुसऱ्यानं तर माईकवर शपथच घेतली, की जिवंत असेपर्यंत पोटरीला तिळाच्या तेलाशिवाय दुसरं काही लागू देणार नाही. मी पहिल्या रांगेत डोक्यावरून पदर घेऊन, मान खाली घालून बसले होते. बायकांना वाटलं, रडून राहिली बिचारी. मी रडत नव्हते. मला दरदरून घाम फुटला होता.

कारण मलमाचा काही दोष नव्हता, हे अख्ख्या अकोल्यात एकट्या मला माहीत होतं. निदान कालपर्यंत मी तसं समजत होते.

काल तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, भांडी आवरली. नागपूरहून आलेली आपली लेक म्हणाली, "आई, मनात ठेवू नको, लिहून काढ. तू मास्तरीण होतीस ना?" म्हणून बसलेय. तुम्ही असता तर मागून वाकून म्हणाला असता, "लय शुद्ध लिहू नको वो कुंदा, मले कळलं पाहिजे." तुम्हाला कळावं म्हणूनच लिहितेय. दुसऱ्या कोणाशी बोलण्यासारखं हे नाहीच.

शोकसभेच्या बॅनरवर तुमचा तो फोटो लावला होता, ज्यात तुम्ही दर्यापूरच्या बसची वाट पाहत उभे असल्यासारखे दिसता. खाली मोठ्या अक्षरात 'आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू'. खोटं काहीच नाही त्यात. भारताची जर्सी तुम्ही घातली, आखातातल्या त्या देशात जाऊन घातली. सामने किती, तर दोन. गोल किती, तर एक. कलकत्त्याच्या क्लबात चार-पाच वर्षं पगारावर खेळलात, तिथं गोलांचा पाऊस पाडलात, पण त्याचं तुम्हाला कौतुक नव्हतं. तुमचा जीव त्या एका गोलात होता. लग्नानंतर तो गोल मी किती वेळा पाहिला असेल, ते मोजणं शक्य नाही. पाहुणा जेवायला बसला, की तुम्ही त्याच्या ताटापुढून वस्तू उचलायला सुरुवात करायचात. मीठदाणी म्हणजे तुम्ही. लोणच्याची बरणी म्हणजे त्यांचा गोलकीपर. पाण्याचे दोन तांबे म्हणजे त्यांचे दोन बॅक. आणि बॉल म्हणून पाहुण्याच्याच ताटातला लिंबाचा तुकडा. पाहुण्याचं वरण गार होऊन जायचं, पण मीठदाणी दोन तांब्यांच्या मधून उडी मारून लिंबाला डोकं लावेपर्यंत त्याला घास घेता यायचा नाही. माझ्या अमरावतीच्या मामांनी तर एकदा विचारलं, "कुंदे, जावई जेवू घालते का सामना खेळवते?"

आणि तुमचं ते उन्हाचं पुराण! बाकीचे खेळाडू त्या देशात उतरल्या उतरल्या जिभा काढून बसले, एकाला तर सलाईन लावावं लागलं. तुम्ही मैदानात उभं राहून म्हणालात, "यालेच ऊन म्हणता काय? एवढ्या उन्हात आमच्या अकोल्यात वराती निघतात." कोचनं तेच ऐकून तुम्हाला उतरवलं, असं तुमचं म्हणणं होतं. माझं म्हणणं होतं, की दुसरं कोणी उभं राहण्याच्या स्थितीतच नव्हतं.

गोल डोक्यानं झाला की खांद्यानं, हे आपलं भांडण तसंच राहिलं. पेपरातल्या फोटोत तुमची पाठ दिसते, बॉल उजव्या खांद्याला टेकलेला दिसतो. मी भिंग लावून दाखवलं. तुम्ही म्हणायचात, "तू मास्तरीण हायेस, पंच नाही." मी तरी ऐकलं नाही, की वैतागून म्हणायचात, "बरं, खांदा त खांदा. तो काय शेजाऱ्याचा होता?" आज मी मान्य करते, डोक्यानं झाला. घ्या. आता जिंकून काय करणार आहात?

पण ही सगळी वरवरची भांडणं. खरी गोष्ट मी तुमच्यापासून तीस-बत्तीस वर्षं लपवली.

आपल्या लग्नाला चार महिने झाले होते. तुमची निवड झाल्याची बातमी आली आणि आपल्या गल्लीला वेड लागलं. जो तो येऊन तुमच्या पायांकडे बघायचा. "काय पाय हाय भाऊ! पाय म्हणावं ह्याले!" म्हातारे कोतारे तुमच्या पोटऱ्या दाबून पाहायचे. मला धडकी भरली. आम्हा अमरावतीकरांना अकोल्याच्या नजरेचा तसाही भरवसा नाही. मी माहेरी गेले, आईला सांगितलं. आईनं डब्यातून बिब्बा काढून माझ्या हातावर ठेवला. सुपारीपेक्षा लहान, काळा, चपटा. पाळण्याला बांधतात, दाराला बांधतात, तो. "जावयाच्या पायाजवळ राहिला पाहिजे," ती म्हणाली, "अन् त्याले दिसू नको देऊ."

मी डी.एड. झालेली बाई. वर्गात पोरांना 'नजर लागणे हा गैरसमज आहे' असं फळ्यावर लिहून देणारी. पण नवरा पहिल्यांदा देशाबाहेर चालला, की बाईचं डी.एड. बाजूला राहतं. तुमचे ते नडगीला बांधायचे कापडी शिनपॅड होते, आतून पट्ट्या घातलेले. उजव्याची शिवण थोडी सुटली होती. मी म्हटलं, द्या, शिवून देते. दुपारी दार लावून मी पट्टीच्या मागं बिब्बा सरकवला आणि वरून पक्की दुहेरी शिवण घातली. तुम्ही पॅड बॅगेत टाकला, म्हणालात, "काय शिवलं वो, मशीनसारखं!" मला कोण आनंद झाला होता.

बिब्ब्याच्या अंगात तेल असतं, हे मला माहीत होतं. ते लागलं की कातडी भाजून निघते, फोड येतात, बिब्बा उतला म्हणतात, तेही माहीत होतं. पण पाळण्याला बांधलेला बिब्बा कधी फुटतो का? पाळण्याला कोणी बूट हाणत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्या सामन्यात शेवटची दहा-बारा मिनिटं तुम्हाला उतरवलं, आणि तो गोल झाला. आपल्याकडे फोन नव्हता, तुम्ही शेजाऱ्यांच्या घरी केलात. "झाला वो कुंदा! गोल झाला! डोक्यानं!" तुम्ही एवढ्या जोरात ओरडलात, की गल्लीतल्या लोकांना फोनची गरज पडली नाही. मी पेढे वाटले. आणि मनात म्हणत होते, बिब्बा लागू पडला.

तीन दिवसांनी दुसरा सामना. त्यात तुम्हाला पहिल्यापासून उतरवलं. त्यांच्या एका आडदांड बॅकनं तुमच्या उजव्या नडगीवर असा बूट हाणला, की आवाज बेंचपर्यंत गेला. तुम्ही सांगायचात, "शिनपॅड होता म्हणून हाड वाचलं." हाड वाचलं, पण आत काय फुटलं ते मी अकोल्यात बसूनही सांगू शकले असते. तुम्ही तसेच खेळलात. मग टीमच्या मालिशवाल्यानं तुमच्या पायाला हिरव्या ट्यूबमधलं कसलंसं मलम चोळलं. सकाळी पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सुजलेला, काळा पडलेला, फोडांनी भरलेला. डॉक्टर म्हणाले, मलमाची ऍलर्जी दिसते. तिसऱ्या सामन्यात तुमच्या जागी दुसरा पोरगा उतरला, त्यानं दोन गोल मारले, आणि तुमची जागा त्याची झाली. पुन्हा तुम्हाला कोणी बोलावलं नाही.

तुम्ही स्टेशनवर उतरलात तेव्हा हार घेऊन उभे असलेले लोक तुमच्याकडे पाहायचं सोडून तुमच्या पायाकडे पाहत होते. घरी आल्यावर सासूबाईंनी पट्टी सोडली. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मलमानं असं काळं नाही पडत रे."

"पडते," तुम्ही म्हणालात. "परदेशी मलम हाय ते."

सासूबाईंनी पाटा धुतला आणि तीळ-खोबरं वाटायला घेतलं. बिब्बा उतला की आपल्याकडे हाच लेप लावतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वाटता वाटता त्या म्हणाल्या, "मलमालेही हेच चालते." एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तुम्ही तिळाकडे पाहत होतात. मीही तिळाकडेच पाहत होते.

त्याच संध्याकाळी मी तो पॅड बॅगेतून काढून पाण्याच्या बंबात घातला. बिब्ब्याच्या धुरानं माझे डोळे चार दिवस सुजले. शेजारच्या काकू सगळ्यांना सांगत सुटल्या, पोरीनं नवऱ्यासाठी रडून रडून डोळे लाल केले, अशी बायको मिळायला भाग्य लागते. तुम्ही तर त्या चार दिवसांत मला चहा करून दिलात, लंगडत लंगडत. पॅड कुठं गेला, हे मात्र तुम्ही कधीच विचारलं नाहीत. मला वाटलं, माणूस दुःखात आहे, त्याला पॅडचं काय.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या खुणा होत्या, मग तुला कळलं कसं नाही, की मला कळलंय? अकोल्याचा माणूस, शेतात वाढलेला, बिब्बा उतलेला पाय ओळखणार नाही? हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. दर वर्षी पडला. पण प्रत्येक वेळी तुम्ही मलमाला अशा काही शिव्या घालायचात, की माझा जीव भांड्यात पडायचा. मला तुम्ही भोळे असायला हवे होतात. तुम्ही भोळे नसता, तर मी कोण ठरले असते?

आणि शिव्या तरी किती! पहिल्या सत्काराला मंचावर नेत्यांनी शाल पांघरली, नारळ दिला आणि माईकवर गरजले, "विलासभाऊंच्या करियरमध्ये कोणीतरी बिब्बा घातला!" त्यांना निवड समिती म्हणायची होती. मला पेढ्याचा ठसका लागला, पाणी आणावं लागलं. तुम्ही उठून माईक घेतलात आणि म्हणालात, "कोणी काही घातलं नाही. मलम होतं ते." तिथून तुमची मोहीम सुरू झाली. शाळेत खेळाचे मास्तर झालात, सकाळ-संध्याकाळ ग्राउंडवर पोट्टे खेळवायला लागलात, आणि सराव सुरू करण्याआधी सगळ्यांच्या बॅगा हुंगायला लागलात. "कोणाच्या बॅगेत मलम हाय बे?" एखाद्या पोराकडे ट्यूब निघाली, की ती नाल्यात. तुमच्या पोरांच्या पायांना एवढं तिळाचं तेल असायचं, की अमरावतीची टीम म्हणायची, अकोल्याचे आले की ग्राउंडवर संक्रांतीचा वास येतो.

घरात तर मलमाचं नाव काढायची सोय नव्हती. माझी कंबर धरली त्या वर्षी मी ट्यूब तूरडाळीच्या डब्यात लपवली होती. वरणाला वास आला आणि तुम्ही पहिल्या घासाला उठलात. "कुंदा, ह्या घरात एक तर मी राहीन नाहीतर ते राहील." तुम्ही दोन दिवस बैठकीत झोपलात. मी कंबर धरून स्वयंपाक करत होते आणि मनात म्हणत होते, बाई, भोग आता. तूच शिवलंय हे.

वर तुमचं विज्ञान. गंडेदोरे, लिंबू-मिरची दिसली की तुमचा पारा चढायचा. कोण्या पोराच्या दंडावर काळा दोरा दिसला, की खिशातली कात्री बाहेर. वर्षातून एकदा गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात अंधश्रद्धेविरुद्धची भजनं ऐकून यायचात, त्यानंतर महिनाभर तर मांजर आडवं गेलं तरी तुम्ही मुद्दाम त्याच्या मागं चालायचात. अशा माणसाला कोणत्या तोंडानं सांगू, की अहो, तुमचा पाय मी नजर काढता काढता भाजला?

सांगायचा प्रयत्न केला मी. मोझरीहून येताना, बसमध्ये. दोघांना शेजारी जागा मिळाली होती, हवा गार होती. मी धीर केला. "अहो, तुम्हाला एक सांगायचंय."

तुम्ही दचकलात. म्हणालात, "मलेही एक सांगायचं हाय."

"मग तुम्ही सांगा."

"नाही, तू सांग."

"नाही हो, तुम्हीच आधी."

पुढच्या सीटवरचे आजोबा मागं वळून म्हणाले, "कोणीतरी सांगा बाप्पा, मले उतरायचं हाय." तुम्ही बाहेर पाहिलंत आणि म्हणालात, "शेंगदाणे संपले." मी म्हटलं, "अमरावती आली की घेऊ." झालं. त्यापुढं कधी तसं जमलं नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी चहात साखर मागत होतात, मी देत नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हते देत. तुम्ही म्हणालात, "एका चमच्यानं काय होते?" मी म्हटलं, "होतं. एवढ्याशा वस्तूनं काय काय होतं ते तुम्हाला नाही कळायचं." तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात. काहून हसलात, हे मला विचारायचं होतं. कप अर्धा टाकून ग्राउंडवर गेलात, आणि तिथून तुम्हाला आणलं ते तसं. साखर घालायला पाहिजे होती मी. दोन चमचे घालायला पाहिजे होती.

तर आता कालचं ऐका.

तेरवीला तेल्हाऱ्याहून वैष्णवी आली होती, आईला घेऊन. तुमची वैष्णवी. दर रविवारी पहिल्या बसनं यायची, तुम्ही तिला लिंबू-मीठदाणी-तांबे मांडून शिकवायचात. तिचं देशाच्या टीममध्ये नाव आलं तेव्हा तुम्ही पोरीसारखे नाचलात. आज ती निघणार होती, तिकडं बाहेरच्या देशात खेळायला. तुमच्यासारखीच स्ट्रायकर, गोल मारणारी. सरांच्या फोटोला हार घालून ती बाहेर मुलींमध्ये जाऊन बसली.

तिची आई लताबाई माझ्याजवळ स्वयंपाकघरात आली. त्यांचा फुलांचा मळा आहे, तिनं तुमच्यासाठी टोपलीभर शेवंती आणली होती. पदर खोचून माझ्यासोबत वडे तळायला बसली. बायका इकडं तिकडं झाल्यावर माझ्या कानाशी आली. चेहऱ्यावर कोण समाधान! म्हणाली, "ताई, तुमालेच सांगतो. पोरीच्या शिनपॅडात मी बिब्बा टाकून देला हाय. आतल्या स्पंजाले चिरा देऊन. लय बोलतात लोक तिच्याबद्दल, नजर लागते पोरीले. तिले दिसू नाही देला."

माझ्या हातातला झारा कढईत पडला. तेल उडालं, मनगटावर आलं. लताबाई धावली, "मलम हाय काय घरात?" म्हणे! मला हसावं की रडावं कळेना. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "काढ तो. आत्ताच्या आत्ता काढ."

"काहून ताई? तुमी नव्हता टाकला, सर बाहेरदेशी खेळाले गेले तवा?" तिनं सहज विचारलं. तिला काय माहीत.

अहो, किती वेळा मी हे वाक्य मनात जुळवलं होतं. तुमच्यापुढं बोलायचं म्हणून. आणि बोलले कोणापुढं, तर कढईपुढं, पिठानं भरलेल्या हातांनी, एका फुलवाल्या बाईपुढं. "टाकला होता," मी म्हटलं. "टाकला होता म्हणूनच त्यांचं खेळणं संपलं. मलम नव्हतं ते लताबाई. मीच होते."

सगळं सांगितलं. पॅड, शिवण, बूट, बंब. ती तोंडावर पदर धरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आई गं! म्हंजे एवढ्या पोट्ट्यायनं तेल काहून लावलं मंग?" मी म्हटलं, "माझ्यामुळं." दोघी मिळून उठलो आणि वैष्णवीला मागच्या अंगणात बोलावलं. बॅग तिच्याजवळच होती, इथूनच ती गाडीला जाणार होती. तिच्या आईनं घाबरत घाबरत सांगितलं, की बाई, उजव्या पॅडात मी असं असं टाकलं, ते काढ.

पोरगी शांतपणे म्हणाली, "नाही हाय त्यात. सरांनी काढला."

"कवा?" तिची आई.

"सर गेले त्याच्या आधीच्या रविवारी. सर सगळ्याइचे पॅड अंगठ्यानं दाबून पाहत ना. मह्या पॅडाले हात लावला अन् थांबले. चाकूनं काढला, कागदात बांधला. मले म्हणे, आईले बोलू नको, मायेनं टाकते बाई." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग काकू, सर म्हणाले, मह्याही पॅडात होता. गाडीत बसल्या बसल्याच हाताले लागला होता. दोन दिवसाचा प्रवास होता, रोज दाबून पाहत होतो म्हणे. कोणं टाकला तेही माहीत होतं."

मी पिठाचे हात पदरालाच पुसले.

"मी इचारलं, सर, मंग काढला काहून नाही? पायाचं वाटोळं झालं ना. त हसले." वैष्णवीनं बॅगेची चेन लावली. "म्हणे, नवीन लग्न होतं."

अहो, मी हसले. तेरवीच्या दिवशी, मागच्या अंगणात, पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात हसले. आपली लेक धावत आली, कोणीतरी पाणी आणलं, एक बाई म्हणाली, डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या. मग ते हसणं थांबेना आणि त्याचं रडणं कधी झालं तेही कळेना. तेरा दिवसांत पहिल्यांदा मी रडले. वैष्णवीनं मला धरून ठेवलं होतं. तिच्या अंगाला तिळाच्या तेलाचा वास होता.

मला राग आलाय तुमचा, हे सांगून ठेवते. विज्ञानवाले म्हणे! पोट्ट्यांचे दोरे कापत हिंडलात आणि स्वतः बिब्बा बांधून खेळलात. त्याची लाज वाटली म्हणून एका गरीब मलमाला जन्मभर शिव्या घातल्या. मी तूरडाळीत ट्यूब लपवून कंबर मोडून घेतली, तुम्ही बैठकीत झोपलात, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट दोघं जण एकमेकांपासून लपवत होतो. मी समजत होते, तुमचं देशाकडून खेळणं मी एकटीनं संपवलं. आपण दोघांनी मिळून संपवलं होतं हो. तेवढं सांगितलं असतं, तर माझी तीस वर्षं हलकी गेली असती.

वैष्णवी आज गेली. तिचे दोन्ही पॅड मी अंगठ्यानं दाबून पाहिले, काही नाही त्यात. ती खेळेल, तिचे सामने दोनावर थांबणार नाहीत. पण मी कालपासून एकच गोष्ट पाहून राहिले. तुम्ही गाडीत बसलाय, पॅड मांडीवर आहे, अंगठ्याखाली तो बिब्बा आहे. खिडकी उघडी आहे. टाकून द्यायचा होता हो. मला कुठं कळणार होतं?